चू. भू. द्या. घ्या.

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर ४१ वर्षं दिवाणजीची नोकरी केली. शेतकऱ्याला हळदीची पट्टी करून द्यायची, तीत हमाली-तोलाई वजा दाखवायची आणि शेवटी चार अक्षरं लिहायची : चू. भू. द्या. घ्या. माणूस निवृत्त झाला की नोकरी सुटते, अक्षरं सुटत नाहीत. वाण्याची यादी असो, लग्नातल्या आहेराची नोंद असो, की देवघराच्या दारावर चिकटवलेली संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ असो, खाली ती चार अक्षरं असतातच. चंद्राच्या बाबतीत चूकभूल नक्की कुणी कुणाला द्यायची, हे विचारायची आमच्या घरात कुणाची हिंमत नाही.

सून भूलतज्ज्ञ आहे हे कळल्यावर अण्णा खूश झाले होते. म्हणाले, "म्हणजे भूल तू द्यायचीस आणि चूक आम्ही घ्यायची. हिशेब बसला."

त्याला आता १२ वर्षं झाली. हिशेब अजून बसतोच आहे.

मी राहते सांगलीच्या विश्रामबागेत. विश्राम माझ्या वाट्याला आला तो एवढाच, पत्त्यापुरता. नोकरी मिरजेतल्या एका रुग्णालयात. मिरज दोन गोष्टींसाठी ओळखली जाते : दवाखाने आणि तंबोरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांनी इथं दवाखाना काढला, आणि तेव्हापासून आसपासच्या तालुक्यांतून, कोकणातून, कर्नाटकाच्या हद्दीपलीकडून माणसं दुखणी घेऊन मिरजेला येतात ती आजतागायत. तंबोऱ्यांची परंपरा तर त्याहून जुनी. तंबोरा आणि डॉक्टर दोघांनाही ताणल्याशिवाय सूर लागत नाही. फरक एवढाच, की मैफल संपल्यावर तंबोऱ्याच्या खुंट्या सैल करून त्याला गवसणीत ठेवतात.

माझं काम लोकांना नीट ठाऊक नसतं, यात त्यांची काही चूक नाही. माझी आणि पेशंटची ओळख होते, आणि पुढच्या दोन मिनिटांत मीच त्याला ती विसरायला लावते. शुद्धीवर आल्यावर तो सर्जनचे पाय धरतो. बाळ झालं तर पेढे सर्जनला, साडी-चोळी सिस्टरला. भूल देणाऱ्या बाईंच्या वाट्याला बिलातली एक ओळ. सासरच्या एका लग्नात चुलत आत्यांनी मला पंगतीतच विचारलं होतं, "म्हणजे तू नुसतं इंजेक्शन देतेस? मग डॉक्टर कधी होणार?" आमच्यात एक जुनी कोटी आहे, की आम्ही झोपवण्याचे पैसे घेतच नाही, घेतो ते उठवण्याचे. मी ती आत्यांना ऐकवली. आत्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांना उठवायला मी कधी पैसे नाही मागितले."

माझ्या लेकीने तर कडेलोट केला. पहिलीत बाईंनी वर्गात विचारलं, तुमचे आईबाबा काय काम करतात? कन्या उभी राहून म्हणाली, "बाबा ऑफिसात जातात. आई रात्री लोकांना भुलवायला जाते." पुढच्या पालकसभेत बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच निरखून पाहिलं. तेवढ्यासाठी तरी मी त्या पालकसभेला हजर होते, ही जमेची बाजू.

डॉक्टरला घर आणि दवाखाना एकदम सांभाळता येत नाही, याचं मूळ 'निवासी डॉक्टर' या शब्दातच आहे. एमडी करताना तुम्ही निवासी असता. निवास अर्थातच वॉर्डात. ही पद्धत अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या थोर सर्जनने रुजवली. हे गृहस्थ दूरचे का होईना, आमच्या बिरादरीतले. कोकेनचं इंजेक्शन देऊन शरीराचा तेवढाच भाग बधिर करता येतो का, याचे प्रयोग त्यांनी १८८४-८५ च्या सुमारास स्वतःवर केले आणि त्यात त्यांना कोकेनचं व्यसन जडलं. ते सोडवताना मॉर्फिनचं लागलं. आपल्या विद्यार्थ्यांनी अष्टौप्रहर रुग्णालयातच राहावं, ही या सद्गृहस्थांची अपेक्षा. पुढच्या साऱ्या पिढ्यांनी जागरण तेवढं उचललं. त्यांच्याकडे साधन फक्त चहा.

आपल्याकडे १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी नियम केले. आठवड्याला साधारण ४८ तास काम, आणि एका वेळी सलग १२ तासांपेक्षा जास्त नको. आमच्या वेळी हा कागद कुठल्या तरी फायलीत असणारच. आम्ही मात्र ४८ तास हा आकडा पाठ केला आणि 'सलग' हा शब्द चुकून त्याच्याच पुढे लावला.

अशाच एका ४८ तासांनंतर मला 'बघायला' सांगलीहून मंडळी आली. कांदेपोह्यांचा ट्रे मी नीट ठेवला, सोफ्यावर बसले, आणि पंखा बरा चालला होता. त्यानंतरचं मला आठवत नाही. आईने पुढे सांगितलं, की मी २० मिनिटं मान खाली घालून, डोळे मिटून बसले होते आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मान हलत होती. परत जाताना होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर असून मुलगी किती लाजरी आहे!" लग्न तिथंच ठरलं. हा गैरसमज दूर करायला मला बारा वर्षांत वेळ झालेला नाही.

भूल देण्याच्या शास्त्रात सगळ्यांत महत्त्वाचं काय, असं कुणी विचारलं तर मी औषधांची नावं सांगणार नाही. सगळ्यांत महत्त्वाचा एक प्रश्न आहे : शेवटचं कधी खाल्लंत? ऑपरेशनच्या वेळी पोट रिकामं लागतं. साधं पाणी २ तास आधी बंद, हलकं खाणं ६ तास आधी आणि तेलातुपाचं असेल तर ८ तास आधी. कारण बेशुद्धीत पोटातलं अन्न उलटून फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. हे सगळं मी आदल्या संध्याकाळी समजावून सांगते. पेशंट मान डोलावतो, नातेवाईक त्याहून जास्त डोलावतात. मग उजाडतं.

"आजोबा, काही खाल्लंय का?"

"न्हाई ओ बाई. कालधरनं अन्नाचा कण न्हाई पोटात."

"चहा?"

"च्या घेतला की. च्या काय खाणं हाय व्हय?"

"नुसता चहा?"

"नुसता कसा जाईल? दोन बटर हुती संगं."

आमच्या भागातलं बटर म्हणजे बेकरीतलं ते खुसखुशीत, चहात बुडवून खायचं प्रकरण. या बटरांनी जितकी ऑपरेशनं पुढे ढकलली तितकी संपांनीही ढकलली नसतील. एका आजींनी तर मला शब्दशः हरवलं. त्या म्हणाल्या, "आज माझा कडक उपास आहे." मी निश्चिंत झाले. सलाईन लावताना सहज विचारलं, तेव्हा कळलं की कडक उपासाला सकाळी सातला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि दोन केळी एवढंच झालं होतं.

कर्नाटकातून आलेल्या पेशंटची वेगळीच गंमत. मी नवी होते तेव्हा सिस्टरनं शिकवलेल्या कानडीत एका काकांना विचारलं, "ऊटा आत्री?" जेवण झालं का? काका हात जोडून हसून म्हणाले, "आत्री! निम्दु?" झालं की, तुमचं? मी लगेच केस रद्द केली. नंतर समजलं, की तिकडे हा प्रश्न आपल्या 'काय, बरं आहे ना?' सारखा विचारतात, आणि त्याला 'नाही' म्हणणं शिष्टाचाराला धरून नसतं. काका आदल्या रात्रीपासून उपाशी होते. सभ्यपणापायी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन एक दिवस लांबलं.

एवढ्या उलटतपासण्या घेणाऱ्या मला रोज दुपारी साडेचारला घरून फोन येतो. सासूबाई नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत पडत नाहीत.

"शेवटचं कधी खाल्लंस?"

"खाल्लं की आई."

"काय?"

"चहा घेतला मगाशी."

"नुसता?"

"नुसता कसा? दोन बटर होती."

पलीकडे फोन ठेवला जातो. ठेवण्याच्या त्या आवाजावरून मला कळतं, की आज माझीही केस पुढे ढकलली गेली आहे.

आवाजावरून कळणं हाही आमच्या धंद्याचाच भाग. पेशंटच्या बोटाला लावलेलं पल्स ऑक्सिमीटर 'टिक-टिक' करत असतं. रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की त्या टिकटिकीचा सूर खालच्या पट्टीत उतरतो. त्यामुळे भूलतज्ज्ञ सर्जनशी क्रिकेटवर बोलत असला तरी त्याचा एक कान त्या सुराला लागलेला असतो. पडद्यावरचा आकडा दिसायच्या आत मान वळते. हाच कान घेऊन मी घरी येते. स्वयंपाकघरात भांडी कुठल्या पट्टीत वाजताहेत, यावरून मला उंबऱ्यावरच घराची प्रकृती कळते. वरच्या पट्टीत खणखणत असतील तर चिंता नाही, माणूस नुसतं चिडलेलं आहे. खालच्या पट्टीत, हळूहळू, एकेक भांडं ठेवल्याचा आवाज आला की समजावं, ऑक्सिजन संपत आलाय.

आता वेळेचा प्रश्न. ऑपरेशन थिएटरात दोन घड्याळं असतात, एक भिंतीवर आणि एक सर्जनच्या तोंडात. "फक्त २० मिनिटांचं काम आहे" असं सर्जन म्हणाला की अनुभवी भूलतज्ज्ञ दोन तासांची औषधं भरून ठेवतो. "झालंच, आता टाके" म्हणाला की पाऊण तास. पण माणूस ज्यांच्यात राहतो त्यांचं वळण उचलतो. घरी फोनवर मीही तसंच बोलायला लागले. अण्णांनी वर्षभर ऐकून घेतलं आणि मग यार्डातली एक जुनी, लाल कापडी पुठ्ठ्याची कोरी वही काढून तिच्यात माझं खातं उघडलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. 'सूनबाई. येण्याचा वायदा रात्री ८. प्रत्यक्ष आवक ११.४०.' हळदीच्या व्यवहारात मालाची तूट धरून वजनात काही कपात करतात, तिला कडता म्हणतात. अण्णांनी माझ्या वेळांना कडता लावला. 'निघतेच आहे' म्हणजे दीड तास. 'निघाले' म्हणजे पाऊण तास. 'रस्त्यातच आहे' म्हणजे चपला घालते आहे. आणि फोन उचललाच नाही, तर केस चालू आहे, वरण गरम करू नये. हा तक्ता फ्रिजवर लावलेला आहे. खाली चार अक्षरं आहेत.

मी अण्णांना सांगितलं, की उशीर हा आमच्या घराण्याचा वारसाच आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ईथरची भूल देऊन केलेलं शस्त्रकर्म जगाने पहिल्यांदा जाहीरपणे पाहिलं. आम्ही तो दिवस अजून साजरा करतो. भूल देणार होता विल्यम मॉर्टन नावाचा दाताचा डॉक्टर. पेशंट खुर्चीत बसला, सर्जन वॉरन तयार, प्रेक्षक जमले, आणि मॉर्टनचा पत्ता नाही! तो कारागिराकडे ईथर हुंगवायचं काचेचं उपकरण पुरं करून घेत बसला होता. वॉरनसाहेब त्याच्यावाचून सुरुवात करणार, एवढ्यात हा धापा टाकत पोहोचला. म्हणजे या शास्त्राचा मूळपुरुषच पहिल्या दिवशी उशिरा आला. अण्णांनी सगळं ऐकून विचारलं, "त्याने घरी फोन केला होता का?"

घरी काम आणणाऱ्यांचा मूळपुरुषही आमच्यातच सापडतो. एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनी ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री, जेवणं झाल्यावर, दोन डॉक्टर मित्रांसह आपल्याच घरी क्लोरोफॉर्म हुंगून पाहिला. आधी तिघेही भलतेच खुलले, मोठमोठ्याने बोलायला लागले, आणि मग धाडकन जेवणाच्या टेबलाखाली. शुद्धीवर आल्यावर सिम्प्सनसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी पुन्हा हुंगला. बाळंतपणाच्या कळांवर उपाय सापडला तो असा. ही गोष्ट मी एका रविवारी जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितली. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आणि ताटं कुणी उचलली?"

वैद्यकाच्या इतिहासावर इतका मुद्देसूद प्रश्न मी परीक्षेतसुद्धा ऐकला नव्हता.

आता सुपारीची गोष्ट. नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तिला मी होते. पण सत्यनारायण राहिला होता. तो चार वेळा पुढे गेला. पाचव्या वेळी मी शपथेवर रजा घेतली. रजा घेतलेल्या सकाळी साडेआठला फोन आला. रुग्णालयात रक्तस्राव होणारी बाळंतीण आली होती, आणि ड्युटीवरचा सहकारी दुसऱ्या थिएटरात अडकला होता. मी भरजरी साडीवर निघाले. जाताना म्हणाले, "मुहूर्ताला येतेच." अण्णांनी वही उघडली.

त्याच आठवड्यात एका पेशंटच्या नातेवाइकाने आमच्याकडे आग्रह धरला होता, की सूनबाईचं सिझर बरोब्बर १० वाजून १२ मिनिटांनी करा, नंतर राहूकाळ आहे. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत १०.१२ ला बाळ बाहेर काढलं होतं. दुसऱ्यांचे मुहूर्त मिनिटावर साधणाऱ्या बाईचा स्वतःचा मुहूर्त मात्र तिच्याशिवाय निघाला. गुरुजी म्हणाले, "यजमानीणबाई नसल्या तरी चालतं. शास्त्रात सोय आहे." आणि त्यांनी नवऱ्याच्या कमरेला एक सुपारी खोचली. पत्नीच्या जागी.

ती सुपारी संपूर्ण पूजेत नवऱ्याच्या अगदी जवळ होती. कलावतीच्या अध्यायात तिने जांभई दिली नाही. तिचा फोन वाजला नाही. प्रसादाचा शिरा करपला तेव्हा ती काही बोलली नाही. दुपारी दोनला मी पोहोचले तेव्हा सगळे तृप्त चेहऱ्याने विडा चघळत होते. नवरा म्हणाला, "पहिल्यांदाच इतकं शांतपणे पूजेला बसलो." बाळंतीण वाचली हे मी सांगितल्यावर मात्र सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटचं कधी खाल्लंस?"

नवऱ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण तो सरकारी नोकरीत असल्यामुळे सव्वासहाला सुटतो आणि घरातला कायमचा ऑन-कॉल तोच आहे. लेकीच्या दोन वेण्या तो माझ्यापेक्षा सारख्या घालतो. भूलशास्त्राचा घरगुती उपयोगही त्यानेच शोधून काढला. न्यू यॉर्कच्या व्हर्जिनिया अॅपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ साली नवजात बाळासाठी एक गुणपत्रिका तयार केली. रंग, नाडी, चिमटा काढल्यावरची प्रतिक्रिया, हातापायांची हालचाल आणि श्वास, असे पाच विषय, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण १०. जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला एकदा गुण द्यायचे, पाचव्या मिनिटाला पुन्हा. जगातलं कुठलंही बाळ आजही ही परीक्षा दिल्याशिवाय मोठं होत नाही, असं मी एकदा बोलून गेले. झालं! दुसऱ्या दिवसापासून माझी परीक्षा सुरू.

मी दारात उभी राहिले की नवरा आणि कन्या पायपुसण्यापाशी मला तपासतात. रंग : कपाळावर थिएटरातल्या टोपीचा वळ, एक गुण. नाडी : जिना चढून आल्यामुळे आपोआप दोन. प्रतिक्रिया : "आज पाहुणे येणार आहेत" असं मुद्दाम खोटं सांगायचं, किंचाळले तर दोन, नुसतं तोंड वाकडं केलं तर एक, काहीच झालं नाही तर शून्य. हालचाल : चपला हाताने काढल्या तर दोन, पायानेच भिरकावल्या तर एक, चपलांसकट सोफ्यावर तर शून्य. श्वास : उसासा एक गुण. पहिल्या मिनिटाचे गुण बहुधा चार-पाच असतात. मग चहा. पाचव्या मिनिटाला पुन्हा तपासणी. सात गुण झाल्याखेरीज गीझर बंद पडलाय, फी भरायची राहिली, उद्या प्रकल्पासाठी थर्माकोल हवाय, यांतली एकही बातमी मला द्यायची नाही, असा घरचा कायदा आहे. एकदा कन्येने घाबऱ्या आवाजात बाबांना सांगितलं, "रंगाला शून्य! आई पूर्ण निळी आहे!" मी थिएटरातले कपडे न बदलताच घरी आले होते.

अॅपगारबाईंनी पुढे लग्न केलं नाही. त्यामुळे त्यांना या उपयोगाची कल्पना सुचली नसावी.

या सगळ्यावर उपाय म्हणून मागे एका १ जुलैला, म्हणजे डॉक्टर्स डेला, आम्हाला 'काम आणि कुटुंब : समतोल कसा साधावा' या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म १ जुलैचा आणि निधनही १ जुलैचंच; ८० वर्षांचा हिशेब त्यांनी तारखेला तारीख जुळवून पुरा केला. असा समतोल दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला साधलेला नाही. व्याख्यानाची वेळ रात्री ९. म्हणजे समतोल शिकण्यासाठी कुटुंबाला सोडून यायचं होतं. वक्ते स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. 'फोन बंद ठेवायला शिका' या मुद्द्यावर आले असताना त्यांचा फोन वाजला आणि ते मागच्या दाराने गेले ते गेलेच. उरलेल्यांनी जेवण उरकलं. माझ्या शेजारी एक सर्जन मित्र बसला होता. त्याला दोन मुलं. ती कुठल्या इयत्तेत आहेत हे बायकोला फोन करून विचारावं लागतं. त्याला आजवर कुणीही विचारलेलं नाही, "घर कसं रे सांभाळतोस?" मला मात्र दर महिन्याला कुणी तरी विचारतं, आणि लगेच पुढे म्हणतं, "नवरा किती सांभाळून घेतो ना!" त्या सर्जनच्या बायकोला कुणी एवढंही म्हणत नाही. त्या रात्री त्यानेही मला तेच विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या बायकोला विचार. तिला जास्त अनुभव आहे."

घरी आले तेव्हा अण्णा जागे होते. 'समतोल' या शब्दावर ते हसले. म्हणाले, "४१ वर्षं तराजूसमोर बसलो. काटा अगदी मधोमध कधी उभा राहतो ठाऊक आहे?"

"कधी?"

"दोन्ही पारडी रिकामी असली की. माल आला की काटा हलायचाच. हलणाऱ्या काट्याला भिऊन दुकान बंद ठेवायचं का?"

रुपये मोजून बोलावलेल्या वक्त्याला जे जमलं नाही ते बिनपगारी दिवाणजीने दोन वाक्यांत सांगितलं. नंतर त्यांनी वहीत नोंद केली : 'समतोल शिकण्यास गेली. आवक ११.२५.'

गेल्या उन्हाळ्यात अण्णांचंच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. आपल्या माणसाला आपण भूल देऊ नये असा आमच्यात संकेत आहे. हात नाही कापले तरी मन कापतं. म्हणून सहकाऱ्याने मणक्यातून भूल दिली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा थिएटरच्या दाराबाहेर, नातेवाइकांच्या बाकावर बसले. आत काय चाललंय याचं पान न् पान मला पाठ होतं. आता साफ केलं असेल, आता चीर, आता जाळी बसवत असतील. सर्जन जाताना म्हणालाच होता, "२० मिनिटांचं काम." २१ व्या मिनिटाला माझ्या तळव्यांना घाम आला. २५ व्या मिनिटाला मी सिस्टरला विचारलं, "काही झालंय का?" ३० व्या मिनिटाला सासूबाईंनी डब्यातून पोळीचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आम्ही रोज असंच बसतो. सवय होते." मी लाडू खाल्ला. तेवढ्यात आतून अण्णांचा खणखणीत आवाज आला. ते माझ्या सहकाऱ्याला हळदीचे भाव का पडतात हे समजावून सांगत होते. इतका सुरेल आवाज मी मिरजेत नोकरी करूनही ऐकला नव्हता.

पाडव्याला अण्णा वहीपूजन करतात. अडत सुटली तरी नेम सुटला नाही. यंदा जुनी वही मिटून नवी उघडण्याआधी त्यांनी मला हाक मारली आणि माझं खातं पुढे सरकवलं. "बघून घे. नंतर तक्रार नको."

नावेची बाजू खच्चून भरलेली होती. वायदे, आवका, बुडालेल्या दोन पालकसभा, भाऊबीजेला भावाला फोनवरून केलेलं औक्षण, लग्नाच्या वाढदिवशी ऑर्डर केलेला आणि बाकीच्यांनी संपवलेला केक. जमेकडे मोजक्या ओळी होत्या. 'तोलणाराच्या नातवाचं अपेंडिक्स, रात्री २. मुलगा बरा.' 'सत्यनारायणाची बाळंतीण. आली होती, पेढे देऊन गेली. सर्जनला नाही, हिला.' 'मुलीला रात्री गोष्ट सांगितली. सांगणारी आधी झोपली. मुलीने पांघरूण घातलं.' आणि खाली : 'थिएटरबाहेर ४० मिनिटं बसली. तिच्या हिशेबाने ४ तास. ४ तास धरले.'

"अण्णा, हे धरून बेरीज जुळते?"

"जुळत नाही. जुळली असती तर खातं बंद करावं लागलं असतं." त्यांनी टाक बुडवावा तसं बॉलपेन झटकलं, खाली रेघ ओढली आणि बाकी नव्या वहीत मागील पानावरून पुढे नेली.

तेवढ्यात सासूबाई विड्याचं तबक घेऊन आल्या. तबकात अडकित्त्याशेजारी एक चांदीची डबी होती, आणि डबीत एकच अख्खी सुपारी. मी ओळखली. म्हटलं, "आई, ही तीच ना? आता मी आलेय. फोडा की."

त्यांनी झाकण लावलं आणि डबी परत देवघरात नेऊन ठेवली. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "लागते अधूनमधून."

अण्णांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री काढला, खाली माझं नाव घातलं आणि लिहिलं :

श्री शिल्लक : सुपारी नग १.
चू. भू. द्या. घ्या.